खुर्चीवरचे कपडे

न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठात दोघं शिकत होती. दोघंही विशीतली. एका शुक्रवारी रात्री पार्टीत त्यांच्या गप्पा रंगल्या. गाण्यांचा आवाज फार होता, म्हणून तो म्हणाला, "माझ्या खोलीवर जाऊ या?" ती हो म्हणाली.

दोघं निघाली तशी एका मित्राने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचा रूममेट न सांगताच दुसरीकडे झोपायला गेला. तिच्या मैत्रिणीने हसून हात हलवला.

खोली होस्टेलची, अरुंद. खुर्च्यांवर आठवड्याच्या कपड्यांचे ढीग. बसायला कॉटच उरली होती. ती कॉटवर बसली, तोही शेजारी बसला आणि बोलणं थांबलं.

ती मनात म्हणाली, 'मी आपल्या पायाने आले. आता नको कसं म्हणू? होऊन जाऊ दे एकदाचं.' तो मनात म्हणाला, 'सगळ्यांनी खोली मोकळी करून दिलीय. उद्या काय सांगू?' खोलीत दोघंच होती, पण निम्मी पार्टी तिथे येऊन बसली होती.

त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही. पण बोटं ताठ होती आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती. त्याने हात सोडला. उठून एका खुर्चीवरचे कपडे जमिनीवर टाकले आणि तिथे जाऊन बसला.

"तुला थांबायचंय का? जायचं असेल तर खालपर्यंत सोडतो."

ती जरा गप्प राहिली. "थांबायचंय. पण नुसतं बोलायला."

"मलाही," तो म्हणाला.

सकाळी मित्रांनी विचारलं, "मग?"

"गप्पा मारल्या."

एकजण मोठ्याने हसला. रूममेट हसला नाही. नंतर त्याला एकटं गाठून त्याने हळूच विचारलं, "तू तिला विचारलंस कसं?"

त्या रात्री जबरदस्ती करायचं कोणाच्याच मनात नव्हतं. तरीही दोघांना नको असलेली गोष्ट घडून गेली असती. न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात जेनिफर हर्श आणि शेमस खान यांच्या गटाने एका संशोधन प्रकल्पासाठी दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांचं ऐकून घेतलं. 2020 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात अशाच खोल्या आहेत: बसायला फक्त पलंग, बाहेर मित्रांच्या अपेक्षा. विचारायला मुलांना फारसं कोणी शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण शिकवण्याने फरक पडू शकतो. ज्या मुलींनी अठराव्या वर्षाआधी नकार द्यायचं शिक्षण घेतलं होतं, त्यांच्यावर कॉलेजात बलात्कार होण्याचं प्रमाण कमी होतं, असं याच प्रकल्पात 2018 साली आढळलं.