पाण्यात सोडलेली चित्रे

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांना शाहू महाराजांचा आश्रय होता. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटीतीर्थ तलावात सोडली, असे सांगतात. पारखीच गेला, मग दाखवायचे कुणाला?

पण चित्र एकट्या चित्रकाराचे असते काय? जलरंगात उजेड रंगवत नाहीत. तेवढा कागद कोरा राखतात. त्या कोऱ्या जागेत पाहणाऱ्याची नजर उतरते, तेव्हा चित्र पुरे होते. म्हणजे त्याचाही त्यावर हक्क असतो.

आमच्या उर्दू शाळेतली मुले न जमलेले चित्र फाडतात. मी तुकडे जपून ठेवतो. १९३१ मध्ये आबालालही गेले. त्यांच्या दुःखापुढे मान झुकते, पण चित्रे बुडवणे मनाला पटत नाही.