धूर, धुकं आणि पोटातली कळ

माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा न्यायशास्त्राचा ग्रंथ त्यांनी मला बारावीनंतरच्या सुट्टीत शिकवला. त्यातलं उदाहरण असं: डोंगरावर धूर दिसला की न दिसणारा अग्नीही तिथे आहे हे कळतं, कारण चुलीपाशी त्या दोघांना आपण कायम एकत्र पाहिलेलं असतं. आज मी भिगवणच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते, आणि माझ्या कामातला सगळा पेच या उदाहरणात आहे असं मला वाटतं. जे दिसत नाही ते कशावरून कळतं, आणि कितपत खात्रीनं?

अपेंडिक्स सुजलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात, त्यांत न्यूट्रोफिलचं प्रमाण चढतं, आणि काही तासांनी यकृतात तयार होणारं सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात वाढू लागतं. हा आमचा धूर. नातेवाईक खिडकीशी येऊन विचारतात, "ताई, अपेंडिक्स हाय का न्हाय, तेवढं सांगा."

हिवाळ्यात पहाटे डिकसळच्या बाजूला उजनी धरणाच्या पाण्यावर धुकं उठतं. पलीकडच्या रानात कुणी उसाचं पाचट पेटवलेलं असतं. लांबून दोन्ही सारखंच पांढरं. धुक्याला धूर समजून केलेलं अनुमान फसतं, हे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, फार पूर्वी सांगून ठेवलंय. पांढऱ्या पेशी लघवीच्या जंतुसंसर्गात वाढतात, न्यूमोनियात वाढतात, लहान मुलांच्या आतड्याजवळच्या गाठी सुजल्या तरी वाढतात. सीआरपीचंही तेच. याच्या उलटही घडतं. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर निघायला ओलं सरपण लागतं, असं न्यायशास्त्र सांगतं. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. शरीरात ते सरपण म्हणजे गेलेला वेळ आणि प्रतिकाराची ताकद. कळ सुरू होऊन दोन-चार तासच झाले असतील तर सीआरपी बहुधा चढलेलं नसतं. म्हाताऱ्या माणसाचं अपेंडिक्स सुजलेलं असूनही काउंट नॉर्मल येऊ शकतो.

म्हणजे आमच्या धुराची अग्नीशी व्याप्ती, म्हणजे कायमची सोबत, पक्की नाही. न्यायाच्या कसोटीवर असा हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, सव्यभिचार (भरवशाचा नसलेला) ठरतो. त्यावर कुठलाच निष्कर्ष उभा राहत नाही. मग आम्ही दिवसभर जे करतो त्याला ज्ञान म्हणायचं की नाही?

याचं उत्तर मला चरकसंहितेत सापडलं. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात चरक परीक्षेचे चार मार्ग सांगतो: आप्तांचं वचन, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. अनेक कारणं एकत्र आली की काय घडतं ते पाहणारी बुद्धी म्हणजे युक्ती, आणि त्याचं उदाहरण शेतीचं आहे: पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांचा मेळ बसला की पीक येतं. एकटं पाणी पिकाची हमी देत नाही. नैयायिकांनी युक्तीला स्वतंत्र प्रमाण मानलं नाही. मला इथे चरकाचं पटतं, कारण त्याच्यासमोर रोगी होता.

अशाच अनेक खुणांचा मेळ घालून 1986 मध्ये अल्वाराडो या डॉक्टरांनी अपेंडिक्ससाठी 10 गुणांची मोजणी मांडली. तिच्यात रक्ताला गुण किती? तीन. पांढऱ्या पेशी वाढल्याचे दोन, न्यूट्रोफिल चढल्याचा एक. उरलेले सात माणसाकडून मिळतात: कळ बेंबीपासून उजवीकडे खाली सरकली का, भूक गेली का, मळमळतंय का, ताप आहे का, उजव्या बाजूला खाली दाबलं की दुखतं का, दाबलेला हात झटकन काढला की जास्त दुखतं का. 2008 मध्ये स्वीडनमधून आलेल्या मोजणीत सीआरपीही घेतलं गेलं, पण तिथेही पोटावर हात ठेवणं सुटलेलं नाही.

गेल्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीतलं एक पोरगं आलं. रात्री उशिरा कळ सुरू झालेली. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतलं, नळी हलकेच उलटसुलट केली (रक्तात गुठळी झाली तर काउंटच चुकतो), मशिनला लावली. पांढऱ्या पेशी 9,800, सीआरपी नॉर्मल. मुकादम म्हणाला, "रिपोर्ट चांगलाय, कोपीवर नेतो." डॉक्टरांनी पोट दाबलं तसा पोरानं पाय आखडून घेतला. डॉक्टरांनी त्याला सोडलं नाही. दुपारी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा पेशी 15,000 च्या वर आणि सीआरपी चढलेलं. संध्याकाळी बारामतीला ऑपरेशन झालं.

सकाळचा रिपोर्ट खोटा नव्हता. पण अनुमानाला डोंगर लागतो. ज्याच्यावर धूर दिसला तो समोर असावा लागतो. नुसत्या कागदाला पोट नसतं. आकड्यांवर माझा विश्वास आहे, त्यांच्यासाठी मी रात्रीअपरात्री लॅब उघडते. आकड्याला एकट्यानं निवाडा करायला लावणं मात्र मला अधर्म वाटतो, कारण चुकीच्या निवाड्याची किंमत दुसऱ्याचं शरीर देतं. अपेंडिक्स फुटलं की पू पोटभर पसरतो, आणि ऊसतोडीवाल्याला तर दवाखान्यातला एकेक दिवस बुडालेली मजुरी असतो.

म्हणून एवढीच विनंती: कळ बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकली, तर रिपोर्टचा फोटो मोबाइलवर पाठवून उत्तर मागू नका. एरंडेल पाजू नका, पोट शेकू नका. माणसालाच डॉक्टरकडे न्या, आणि त्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं तर तपासा.