ती फाइल मराठीतच आहे

जुन्या सीडीवरची फाइल उघडावी आणि पडद्यावर रोमन अक्षरं, तिरक्या रेघा, कंस आणि स्वल्पविराम यांचा निरर्थक ढीग दिसावा, हा अनुभव मराठी घरांत आणि कचेऱ्यांत अजूनही येतो. फाइल बिघडली, व्हायरस लागला, सीडी खराब झाली असं म्हणून माणसं ती बंद करतात आणि पुष्कळदा पुसूनही टाकतात. मला या पुसून टाकण्याचं फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा ती फाइल धडधाकट असते. तिच्यातलं एकही अक्षर जागचं हललेलं नसतं. ती मराठीतच असते. फक्त ती कोणत्या फॉन्टमधून वाचायची हे समोरच्या संगणकाला ठाऊक नसतं.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे माणसांनी आधी ठरवून द्यावं लागतं. अमेरिकेत ठरलेल्या आस्की नावाच्या संकेतात १२८ घरं होती आणि त्यातली छापता येण्याजोग्या चिन्हांची घरं ९५. पुढे ही घरं २५६ पर्यंत वाढली, तरी देवनागरीला त्यात जागा नव्हती. तेव्हा आपल्याकडच्या फॉन्ट घडवणाऱ्यांनी एक वाट काढली. इंग्रजी अक्षराच्या घरात त्यांनी देवनागरीचा एकेक तुकडा बसवला. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहायचा तर ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या कळा दाबायच्या. पडद्यावर ‘मराठी’ उमटतं, कागदावर ‘मराठी’ छापलं जातं, पण फाइलमध्ये शेवटपर्यंत ती पाच रोमन अक्षरंच राहतात. देवनागरीचा चेहरा फॉन्ट चढवतो. फॉन्ट काढून घेतला की ई, जे, के, बी, एच उघडे पडतात. आपण त्याला कचरा म्हणतो.

त्यातही प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. श्रीलिपीची मांडणी एक, आकृतीची दुसरी, सी-डॅकच्या सुरेख आणि योगेशची तिसरी. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या फॉन्टांतही फरक असे. त्यामुळे एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसऱ्या छापखान्यात उघडला की त्याच मराठीची अगम्य अक्षरं होत. काही सॉफ्टवेअर तर प्रिंटरच्या खोबणीत लॉक खोचल्याशिवाय सुरूच होत नसे. आजच्या संगणकाला ती खोबणही नाही.

या फॉन्टकारांना दोष देणं मला योग्य वाटत नाही. जेमतेम दोनशे घरांत पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, दोन-तीन रुंदीच्या वेलांट्या, रफार, रकार, द्ध, ह्म, श्र हे सगळं बसवून त्यांनी सुबक मराठी अक्षर दिलं. खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांतून डीटीपीकडे जाणारा महाराष्ट्र त्यांच्याच अक्षरांवर चालत गेला. त्या काळातले कितीतरी दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पीएचडीचे प्रबंध, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गावच्या देवस्थानाच्या स्मरणिका या फॉन्टांत आहेत. तेव्हा सगळ्यांचं लक्ष कागदावर होतं. ट्रेसिंग निघालं, प्लेट झाली, अंक छापून आला, की फाइलचं काम संपलं. पंचवीस वर्षांनी कुणी ती फाइलच वाचायला बसेल, असा विचार करण्याचं त्या घाईत कुणाला कारण नव्हतं.

तरी असा विचार करणारे लोक होते, आणि ते आपल्याच देशात होते. अक्षर कसं दिसतं ते बाजूला ठेवून ‘क’ला ‘क’ म्हणूनच साठवायचं, मग तो कोणत्याही फॉन्टमध्ये दिसो, या तत्त्वावर भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत तयार झाला. भारतीय मानक ब्यूरोने तो १९९१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारला. संगणकावर भारतीय लिप्या आणणाऱ्या जिस्ट तंत्रज्ञानाचं आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं. इनस्क्रिप्ट कळफलकही त्याच विचारातून आला: डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजनं, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. त्याच १९९१ साली जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेताची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. म्हणजे आज फोनवर आपण सहज मराठी टंकतो, त्याचा पाया बराचसा इथे घातला गेला आहे. हे मराठी माणसाला ठाऊक असायला हवं.

प्रमाण १९९१ चं असलं तरी ते घरोघरी पोचायला फार वेळ लागला. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. विंडोज एक्सपीत मराठी नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी कुणाकडे असायची? मग ते काम राहून जाई आणि कचेरीतला लिपिक पुन्हा सवयीच्या फॉन्टकडे वळे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या फोनांवर मराठी संदेशाच्या जागी नुसते चौकोन दिसत. या मधल्या काळात लिहिलं गेलेलं बरंच मराठी युनिकोडच्या बाहेर राहिलं. ते आजही बाहेरच आहे.

माझ्या परिचयातले एक प्राथमिक शिक्षक निवृत्त झाल्यावर आपल्या गावाचा इतिहास लिहीत होते. गावातल्या विहिरी कुणी खोदल्या, वाड्या-वस्त्यांची नावं कशी पडली, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर कोणकोण होतं, जत्रेतले मान कुणाकडून कुणाकडे गेले, असा मजकूर. तालुक्याच्या डीटीपी सेंटरमध्ये त्यांनी तो टंकून घेतला. छपाईला पैसे जमले नाहीत आणि ते गेले. हस्तलिखित पावसात भिजलं. उरली ती सीडी. नातीने ती घेऊन दुकान गाठलं, तर तिथला मुलगा म्हणाला, “ताई, फाइल करप्ट झालीये. काही होणार नाही हिचं.” नात चिकाटीची निघाली. वर्डमध्ये फाइल उघडून तिने त्या अगम्य ओळीवर कर्सर ठेवला आणि वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव वाचलं. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचं नाव फाइलमध्ये असतं आणि वर्ड ते दाखवतो. ही एवढीशी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे किती फाइली केराच्या टोपलीत गेल्या असतील! तिने त्या नावाचा फॉन्ट मिळवून टाकला, आणि आजोबांचं पहिलं वाक्य पडद्यावर आलं.

वाचता येणं ही पहिली पायरी. मजकूर टिकायचा असेल तर तो युनिकोडमध्ये न्यावा लागतो. त्यासाठी परिवर्तकं मिळतात, त्यातली काही फुकटही आहेत. पण हे काम बटण दाबून सुटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या लिपीतच आहे. जुने फॉन्ट अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवत. ‘स्थिती’मधली ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधी टंकायची. युनिकोड अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतं: आधी स्, मग थ, मग वेलांटी. परिवर्तकाला ती वेलांटी उचलून अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे ठेवावी लागते. तो चुकला की ‘सि्थती’ होतं. रफाराचं याच्या उलट. ‘धर्म’मधला रफार जुन्या फॉन्टात ‘म’नंतर टंकला जाई, युनिकोडमध्ये तो ‘म’च्या आधी लागतो. हे जमलं नाही की ‘धमर्’ आणि ‘मागर्’ असे शब्द तयार होतात. वर्तमानपत्रांच्या जुन्या संग्रहांत, सरकारी परिपत्रकांत हे शब्द तुम्ही पाहिले असतील. टंकणाऱ्याला लिहिता येत नव्हतं असं समजू नका; ते परिवर्तकाचं अर्धवट काम आहे, नंतर कुणी माणसाने न वाचलेलं. मजकुरात मध्येच आलेली इंग्रजी नावं आणि ईमेलचे पत्ते तर देवनागरीच्या तुकड्यांत मोडून जातात.

त्या शिक्षकांच्या मजकुरातही हे सगळं झालं. ते दुरुस्त करायला नातीसोबत आजी बसली. मोडलेल्या जोडाक्षरातून वस्तीचं नाव नेमकं कोणतं, आडनावात ‘र्‍ह’ की ‘ऱ्या’, हे त्या घरात फक्त तिलाच सांगता येत होतं. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी आणखी चांगलं मिळेल. हे सांगणारं माणूस पुढच्या वर्षी असेलच असं नाही. म्हणून या कामाला मुदत आहे असं मला वाटतं.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. शाळांतून मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकवत. आज ती वाचणारे थोडे आहेत. तरीही दोनशे वर्षांपूर्वीचा कागद समोर घेतला तर अक्षराचा आकार कागदावर आहे. आजचा विद्यार्थी मोडी शिकतो आणि तो कागद वाचतो. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्वतःची घरंही मिळाली. १९९८ च्या आपल्या फाइलमध्ये मात्र अक्षराचा आकार नाहीच. आत आहेत ते आकडे. आकार दुसरीकडे कुठेतरी, एखाद्या बंद पडलेल्या संगणकातल्या फॉन्टमध्ये. तेव्हा पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची. आजचं इनडिझाइन त्या फाइली उघडत नाही. कागदाला वाळवी लागते, हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं. फाइल हातातून निसटते ती कुणालाही न दिसता.

“छापील पुस्तक आहे, पीडीएफ आहे, मग काय बिघडलं?” असं पुष्कळ जण विचारतात. पीडीएफमध्ये फॉन्टचा आकार सोबत बांधलेला असतो, म्हणून ती सुरेख दिसते आणि सुरेख छापली जाते. पण तिच्यात एखादं गाव शोधायला जा. शोधाच्या चौकटीत गावाचं नाव लिहिलं की काहीही सापडत नाही, कारण आत पुन्हा तीच रोमन अक्षरं आहेत. अंध वाचक पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावतात, तेव्हा त्यांना ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, बी, एच ऐकू येतं. डोळस माणसाला जे पान वाचता येतं ते अंध माणसासाठी कोरं. या एका कारणासाठी तरी जुन्या फॉन्टात नवा मजकूर तयार करणं आता थांबलं पाहिजे. अजून काही प्रकाशक आणि कचेऱ्या लेखकाकडून युनिकोडमध्ये मजकूर घेतात आणि पानं लावताना तो जुन्या फॉन्टात उतरवतात. कारण साचे तयार आहेत, हात बसलेला आहे. त्यांची अडचण मला समजते. पण त्यांनी बदलायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

युनिकोड आलं म्हणून सगळं निर्वेध झालं असंही नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचं घर २००८ मध्ये मिळालं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून ते लिहीत, आणि अजूनही लिहितात. दिसायला दोन्ही सारखी, शोधताना दोन वेगळी. ‘दऱ्या’मधला र दोन प्रकारांनी टंकता येतो आणि तिथेही तीच अडचण. पण या दुरुस्त्या सोप्या आहेत, कारण आत अक्षर अक्षर म्हणूनच ठेवलेलं आहे. एकदा बदलाचा नियम लिहिला की हजार पानं क्षणात सारखी होतात.

तेव्हा वाचकहो, कपाटातल्या जुन्या सीडी आणि पेन ड्राइव्ह टाकून देण्याआधी एकदा उघडून पाहा. आई-वडिलांच्या आठवणी, संस्थेचा अहवाल, कुणाचा अर्धा राहिलेला कवितासंग्रह त्यात असेल. मजकूर अगम्य दिसला तर त्यावर कर्सर ठेवा, फॉन्टचं नाव वहीत लिहून घ्या आणि मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा. वाचता येत नाही म्हणून सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलू नका, साध्या टेक्स्टमध्येही साठवू नका. दोन्हींत फॉन्टचं नाव जातं आणि मग माग काढणं अवघड होतं. परिवर्तकातून गेलेली प्रत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या. फाइल कशानेच उघडली नाही आणि छापील प्रत हाताशी असेल, तर ती स्कॅन करून, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरने मजकूर काढता येतो. मराठीसाठी ते आता बऱ्यापैकी चालतं. आणि फॉन्टचं नावच सापडत नसेल, तर जवळच्या एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याला गाठा. त्या ओळींकडे नुसतं पाहून फॉन्ट ओळखणारी माणसं अजून आपल्या गावाशहरांत आहेत, आणि विचारलं तर ती आनंदाने सांगतात.