गुरूचें तें गुरूचें

थोर पुरुष दिवंगत झाल्यावर त्याच्या स्मरणार्थ जी सभा भरते तींत एक वाक्य हटकून ऐकूं येतें: ‘त्यांचें अपुरें राहिलेलें कार्य आपण पुढें चालविलें पाहिजे.’ बोलणाराचा हेतु शुद्ध असतो, ऐकणाराचें मनही त्या क्षणीं हेलावलेलें असतें, आणि ठराव एकमतानें पास होतो. परंतु सभा आटोपून घरीं परतल्यावर त्या वाक्याचा अर्थ काय असा प्रश्न कोणीं केला, तर दहा शिष्य दहा उत्तरें देतील. एक म्हणेल, गुरूंनीं काढलेली संस्था जशी होती तशी राखावी. दुसरा म्हणेल, गुरूंचीं मतें लोकांत पसरावीं. तिसरा म्हणेल, ज्या हेतूनें गुरु झटले तो साधण्यासाठीं त्यांची संस्था मोडावी लागली तरी बेहत्तर. तिघेही स्वतःस निष्ठावान् म्हणवितात, आणि थोड्याच वर्षांत तिघे परस्परांशीं बोलेनासे होतात. असे प्रकार आपल्याकडे इतके घडले आहेत कीं वाचकांस ते निराळे सांगावयास नकोत. तेव्हां गुरूच्या पश्चात् शिष्याचा धर्म कोणता, याचा शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें रूढ आहेत. पहिलें असें कीं, विद्या ही गुरूची ठेव आहे आणि शिष्यानें तींत कानामात्रेचाही फेर करूं नये. दुसरें असें कीं, गुरूपासून शिकावयाचें तें विचार करण्यास. आणि जो स्वतंत्र विचार करतो तो केव्हां तरी गुरूपासून दूर जाणारच. म्हणून मतभेद हीच खरी गुरुदक्षिणा. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरीं आहेत. पहिल्यानें विद्या गोठते. दुसऱ्यानें कोणतेंही मोठें काम दोन पिढ्या टिकत नाहीं. आम्हांस असें वाटतें कीं, राखावें कीं बदलावें हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या आधींचा प्रश्न सचोटीचा आहे. राखतांना किंवा बदलतांना गुरूचें कोणतें आणि आपलें कोणतें हें शिष्य लोकांस स्पष्ट दाखवितो कीं नाहीं? हयात गुरु ‘मी असें म्हटलें नव्हतें’ असें म्हणूं शकतो. दिवंगत गुरूस तें शक्य नसतें. त्याच्या नांवाचा शिक्का शिष्याच्या हातीं आलेला असतो, आणि तो कोणत्या कागदावर उठवावा हें सर्वस्वीं शिष्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर अवलंबून राहतें.

ही गोष्ट नुसत्या तत्त्वरूपानें सांगण्यापेक्षां पुण्यांत झालेल्या एका कामाच्या आधारें सांगितली तर अधिक विशद होईल. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या नांवें ६ जुलै १९१७ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें, आणि १९१९ सालीं तेथें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामास हात घालण्यांत आला. १९२५ सालीं डॉ. भांडारकर निवर्तले, आणि त्याच वर्षीं डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे प्रमुख संपादकाचें काम आलें. सुखटणकर हे बर्लिन येथील पंडित हाइन्रिश ल्यूडर्स यांचे शिष्य. ल्यूडर्स यांनीं १९०८ सालीं अशाच आवृत्तीचा एक नमुना छापून काढला होता; परंतु युरोपांतील ती योजना पहिल्या महायुद्धामुळें मागें पडली. गुरूच्या हातून नमुन्यापलीकडे न गेलेलें काम शिष्यानें पुण्यास बसून चालविलें. १९३३ सालीं आदिपर्व पुरें झालें, १९४२ सालीं आरण्यकपर्व झालें. आणि २१ जानेवारी १९४३ रोजीं, मुंबई विद्यापीठांत महाभारताच्या अर्थावर व्याख्यानें चालू असतांना, शेवटचें व्याख्यान होण्यापूर्वींच सुखटणकरांस मृत्यूनें गांठलें. मागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, त्यांच्यानंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य आले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या उपस्थितींत काम तडीस गेल्याचें जाहीर झालें. मध्यें ४७ वर्षें गेलीं. शेवट पाहण्याचें भाग्य भांडारकरांस लाभलें नाहीं, सुखटणकरांसही लाभलें नाहीं.

हें काम करण्याची मुळांत गरज कां पडली, हें पाहिलें म्हणजे आमच्या प्रश्नाचें मर्म हातीं लागतें. काश्मीरपासून केरळापर्यंत महाभारताच्या ज्या पोथ्या सांपडतात त्यांत परस्परांशीं मेळ नाहीं. कोठें शेंकडों श्लोक अधिक, कोठें आख्यानेंच्या आख्यानें नवीं. हीं भर कोणीं घातली? शत्रूंनीं नव्हे, भक्तांनीं. पिढ्यान् पिढ्या ज्या पौराणिकांनीं व लेखकांनीं हा ग्रंथ जतन केला, त्यांनींच प्रेमानें त्यांत आपल्या पदरचे श्लोक घातले, आणि ते व्यासांच्या नांवावर मांडले. व्यास सांगत आहेत आणि गणपति लिहून घेत आहेत, हा आपणां सर्वांच्या आवडीचा प्रसंग. पण पोथ्या ताडून पाहतां तोही मागाहून आलेला ठरला, आणि चिकित्सक आवृत्तींत त्यास मूळ संहितेंत जागा न मिळतां परिशिष्टांत मिळाली. ज्यांनीं तो घातला त्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु त्यांच्या भक्तीमुळें पुढील शेंकडों वर्षांच्या वाचकांस व्यासांचें कोणतें आणि भक्तांचें कोणतें हें ओळखतां येईनासें झालें. आणि तो गुंता सोडविण्यास १२०० हून अधिक पोथ्या आणि विद्वानांच्या दोन पिढ्या खर्चीं पडल्या.

सुखटणकरांनीं या गुंत्यावर जी पद्धति योजिली ती शिष्यमात्रानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मागाहून आलेले श्लोक त्यांनीं फेंकून दिले नाहींत. थोडे होते ते तारकेची खूण करून पृष्ठाच्या तळाशीं छापले, लांबलचक होते ते परिशिष्टांत घातले. जेथें पाठाविषयीं स्वतःसच खात्री वाटली नाहीं, तेथें शब्दाखालीं नागमोडी रेघ ओढली. इतकें करूनही सिद्ध झालेली संहिता म्हणजे व्यासांचें मूळ काव्य, असा दावा त्यांनीं केला नाहीं. उपलब्ध पोथ्यांच्या साह्यानें जितकें मागें जातां येतें तितके आपण गेलों, एवढेंच त्यांचें म्हणणें. ती नागमोडी रेघ आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. ‘येथें माझें अनुमान आहे, येथें मजवर विसंबूं नका,’ असें ती रेघ वाचकांस सांगते.

याच कामांत राखणाऱ्या शिष्याचीही थोरवी दिसून येते. सुखटणकरांच्या पूर्वीं नारायण बापूजी उटगीकर यांनीं विराटपर्वाची कच्ची आवृत्ति सिद्ध केली. ती १९२३ सालीं छापून विद्वानांच्या अभिप्रायार्थ पुढें ठेवण्यांत आली. पुढें १९३६ सालीं तेंच पर्व डॉ. रघुवीर यांनीं नव्यानें संपादून काढलें. पहिल्या संपादकाचें काम अशा रीतीनें मागें पडलें. पण दोष दाखवा असें ज्यानें आपण होऊन म्हटलें, त्याचें काम दुरुस्त होण्यांतच सार्थकीं लागलें. उलट बेलवलकर आणि वैद्य हे स्वतः मोठे पंडित. त्यांस स्वतःच्या नांवाचे स्वतंत्र ग्रंथ लिहितां आले असते, आणि त्यांनीं ते लिहिलेही. तरी या कामापुरते ते दुसऱ्यानें आंखून दिलेल्या नियमांत राहिले. प्रत्येक नव्या संपादकानें नवी पद्धति काढावयाची असें ठरविलें असतें, तर १९ भागांची ती आवृत्ति कधींच पुरी झाली नसती. तेव्हां दुसऱ्याच्या आंखणीवर इमानें काम करणें यास जे कोणी हमाली म्हणतात, त्यांनीं हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें.

कोणी म्हणेल, ग्रंथसंपादन हें नियमांनीं बांधलेलें काम; सार्वजनिक जीवनांत असें कोठें करतां येतें? तर तेथीलही एक उदाहरण घेऊं. नामदार गोखले हे न्यायमूर्ति रानड्यांचे शिष्य. त्यांनीं १२ जून १९०५ रोजीं पुण्यांत भारत सेवक समाज स्थापन केला, आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं ते वारले. त्यांच्या पश्चात् दोन पुरुष त्यांचे वारस म्हणून उभे दिसतात. एक श्रीनिवास शास्त्री, जे समाजाचे अध्यक्ष झाले आणि ज्यांनीं गोखल्यांचा सनदशीर मार्ग सोडला नाहीं. दुसरे गांधीजी. दोघेही १८६९ सालीं जन्मलेले, आणि वयांत केवळ दहा दिवसांचें अंतर. हिंदुस्थानांत परतल्यावर एक वर्ष देश पाहावा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलूं नये, हें गोखल्यांस दिलेलें वचन गांधीजींनीं गोखल्यांच्या मृत्यूनंतरही पाळलें. परंतु समाजांत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनीं अर्ज केला, तेव्हां कित्येक सभासदांस वाटलें कीं यांचा मार्ग व आपला मार्ग यांत फार अंतर आहे. गांधीजींनीं अर्ज परत घेतला. आणि विरोध करणारांचेंच बरोबर होतें, असें पुढें आत्मचरित्रांत लिहून ठेवलें. १९२० सालीं असहकार सुरू झाला तेव्हां शास्त्र्यांनीं त्यास उघड विरोध केला.

दोघांपैकीं गोखल्यांचा खरा शिष्य कोण? आमच्या मतें दोघेही. कारण दोघांनींही आपली जागा लपविली नाहीं. गांधीजींनीं गोखल्यांस अखेरपर्यंत गुरु म्हटलें, पण असहकार ही गोखल्यांचीच शिकवण असें भासवून त्यांच्या समाजाची गादी मिळविण्याचा खटाटोप केला नाहीं. ‘हिंद स्वराज्य’ हें पुस्तक गोखल्यांस कच्चें व घाईचें वाटलें होतें आणि गांधी एक वर्ष हिंदुस्थानांत राहिले म्हणजे स्वतःच तें नष्ट करतील असें त्यांनीं भाकीत केलें होतें, ही हकीकत आज आपणांस ठाऊक आहे ती कोणा प्रतिपक्षीयामुळें नव्हे. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांनीं ती १९३८ सालीं त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेंत नमूद केली. गुरूचा प्रतिकूल अभिप्राय शिष्याच्याच पुस्तकाच्या आरंभीं छापला जावा, ही सुखटणकरांच्या नागमोडी रेघेचीच दुसरी जात होय.

आपल्या पूर्वजांसही ही दृष्टि अपरिचित नव्हती. याज्ञवल्क्य आणि वैशंपायन यांची पुराणांतील कथा वाचकांस ठाऊकच आहे. गुरु रागावून म्हणाला, माझी विद्या परत कर. याज्ञवल्क्यानें ती ओकून टाकली. इतर शिष्यांनीं तित्तिर पक्ष्यांच्या रूपानें ती टिपली, आणि याज्ञवल्क्यानें सूर्याची उपासना करून नवीन यजु मिळविलें. कथेचें रूप अद्भुत असलें तरी तिच्यांतील नीति व्यवहाराची आहे. वेगळें व्हावयाचें तर गुरूचें होतें तें आधीं गुरूच्या पदरीं घालावें, आणि मग स्वतःचें मिळवावें. परंपरेनें दोहोंसही वेद म्हटलें, पण कृष्ण आणि शुक्ल अशीं नांवें वेगळीं ठेवलीं. याज्ञवल्क्यास कोणी गुरुद्रोही ठरविलें नाहीं.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, लोक नांवाला मान देतात. गुरूचें नांव पुढें करून चांगलें काम साधत असेल तर तें कां करूं नये? काम साधेल हें खरें. पण कर्ज कोणाच्या नांवावर काढलें जात आहे हें पाहिलें पाहिजे. शिष्याचा अंदाज चुकला तर अपकीर्ति गुरूची होते. याहूनही मोठें नुकसान तिसऱ्या पिढीचें. दुसऱ्या पिढीनें गुरूस पाहिलेलें असतें. तिसरीस तो केवळ दुसरीच्या तोंडून भेटतो. त्या तोंडानें भेसळ केली, तर तिसऱ्या पिढीस गुरूशीं सहमत होण्याचें किंवा त्याच्याशीं भांडण्याचें, दोन्ही स्वातंत्र्य उरत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. वीस वर्षें ज्याच्या सहवासांत काढलीं, त्याचें कोणतें आणि आपलें कोणतें हें स्वतःस तरी कसें ओळखूं यावें? ओळखूं येत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु जेथें ओळखूं येत नाहीं तेथें तसें सांगतां येतें. आणि शिष्याकडून याहून अधिक कोणी मागत नाहीं.

हा विचार केवळ पंडितांपुरता किंवा पुढाऱ्यांपुरता नाहीं. प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत कोणी तरी गुरु होऊन गेलेला असतो. कोणाचे वडील, कोणाची आजी, कोणाचे गांवच्या शाळेंतले मास्तर. मुलीचें शिक्षण, मुलाचें लग्न, घराची वांटणी असा प्रसंग आला म्हणजे वडील भाऊ गंभीर होऊन म्हणतो, ‘आज आबा असते तर त्यांनीं हेंच सांगितलें असतें.’ या वाक्यापुढें धाकट्यांचें तोंड बंद होतें. कारण आबांशीं वाद घालणें शक्य नसतें, आणि भावाशीं वाद घालणें म्हणजे आबांचा अनादर ठरतो. पुष्कळदां त्या वाक्यांत आबांचा अंश थोडा आणि भावाची सोय अधिक असते. त्याऐवजीं त्यानें दोन वाक्यें बोलावीं: आबा अमुक प्रसंगीं असें म्हणाले होते, आजच्या प्रसंगीं मला स्वतःला असें वाटतें. पहिल्या वाक्यानें आबांचा मान राहील, आणि दुसऱ्यावर घरांतील धाकट्यांतल्या धाकट्यासही निर्भयपणें बोलतां येईल.