नाबोथाचा मळा आणि कॅमेऱ्याची साक्ष

गेल्या उपवासकाळात मुरुड परिसरातील आमच्या काही युवकांसमवेत आम्ही ‘नर्मदा डायरी’ हा माहितीपट पाहिला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची ही १९९५ सालची कृती. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारी आपली भूमी सोडण्यास नकार देणारे आदिवासी बांधव तीत दिसतात. त्यांचे मणिबेली हे गाव तेव्हाच्या धुळे, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातले. चित्रपट संपला आणि एका तरुणाने सरळ विचारले, “फादर, एवढे चित्रण झाले, धरण थांबले का?”

धरण थांबले नाही. जागतिक बँकेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ साली पुनर्वसनातील उणिवांवर बोट ठेवले. १९९३ साली भारत सरकारने बँकेचे उरलेले कर्ज नाकारले. तरीही भिंत चढत गेली आणि २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले. मग जो अन्याय थांबवता येत नाही, तो टिपून ठेवण्यात अर्थ कोणता? आणि दुसऱ्याचे दुःख पाहून निमूटपणे घरी परतण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

जुन्या करारातील नाबोथाची कथा वाचकांना ठाऊक आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. वाडवडिलांचे वतन देण्यास नाबोथ तयार नव्हता. तो मळा सैन्य पाठवून घेतला गेला नाही. ईजबेल राणीने दोन खोटे साक्षीदार उभे करविले आणि गावच्या वडीलधाऱ्यांनी तिचा हुकूम मुकाट्याने पाळला. जमीन गेली ती साक्ष विकली गेल्यानंतर. एलीया संदेष्टा आला तेव्हा नाबोथ जिवंत नव्हता. तरीही तो आला आणि राजाचे पाप त्याने राजाच्या तोंडावर सांगितले. तो आला नसता, तर नाबोथ हा देवनिंदक म्हणूनच लोकांच्या स्मरणात राहिला असता. उशिरा आलेली साक्षही मृताला त्याचे नाव परत देते.

परंतु कॅमेरा हा आपोआप एलीया होत नाही. आपल्याच तालुक्यातील कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची बोली टिपण्यासाठी अभ्यासक आलेले आहेत. आपले बोलणे कोणी टिपून नेले की मनात शंका येते, आपण माणूस की नमुना? हीच शंका आदिवासी बांधवाच्याही मनात येत असेल. चित्रणाचे प्रयोजन त्याला सांगावे, त्याचे म्हणणे तोडूनमोडून दाखवू नये, तयार झालेले चित्र त्याच्यापुढेही ठेवावे, एवढी सचोटी तरी हवीच. खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा कॅमेऱ्यालाही लागू आहे.

आणि ती पाहणाऱ्यालाही लागू आहे. मूलनिवासींसाठी भूमी ही विकाऊ वस्तू नसून देवाचे आणि तिच्यात विसावलेल्या पूर्वजांचे दान आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात म्हटले आहे. ते वाचून आपण मान डोलावतो, कारण नर्मदा दूर आहे. मात्र आपल्या रायगड जिल्ह्यातही कातकरी बांधवांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या नावावरील जमिनीवर उभ्या आहेत, आणि कसत आलेल्या वनजमिनीवरचा हक्क त्यांना सिद्ध करावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. त्यासाठी दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून नियमांना मान्य आहे. डोंगराच्या कोणत्या उतारावर कोण नाचणी पिकवत होते, हे आपल्या वृद्ध शेतकऱ्यांना सांगता येण्याजोगे आहे.

ते सांगणे सोपे नाही. त्यातून शेजाऱ्याचा रोष ओढवेल. कदाचित आपल्याच बांधाचा प्रश्न निघेल. त्या रात्री त्या तरुणाला आम्ही पुरते उत्तर देऊ शकलो नाही. आज त्याला आणि स्वतःलाही आम्ही एक प्रतिप्रश्न विचारतो. ग्रामसभेत कातकरी बांधवाचा दावा वाचला जाईल, तेव्हा आपल्यापैकी कोण उठून उभा राहील?