भीड, गोळी आणि सराव

चुलतभावाच्या लग्नात पंगत बसली आणि काकांनी तुपाचं भांडं माझ्या हातात दिलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. पहिल्याच पानाशी वाकलो आणि चमचा थरथरू लागला. थरथर थांबावी म्हणून मूठ घट्ट आवळली, तर ती कोपरापर्यंत चढली. तूप भाताऐवजी पानाच्या कडेला सांडलं. त्या पानावर बसलेल्या आजींनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पण सगळा मांडव माझ्या हाताकडे बघतोय, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. भांडं खाली ठेवून मी जो बाहेर पडलो, तो पुढची आठ वर्षं प्रत्येक लग्नात वाढपाच्या वेळी गायबच होत राहिलो.

आपल्याकडे अशा मुलाला बुजरा म्हणतात, भिडस्त म्हणतात. ‘वय वाढलं की होईल सभाधीट,’ म्हणून सोडून देतात. भीड हा स्वभाव असू शकतो आणि त्यात वावगं काही नाही. पण भिडेपायी तोंडी परीक्षा चुकवली जाते, बढती नाकारली जाते, दुखणं अंगावर काढलं जातं, तेव्हा तो आजार असतो. अमेरिकी मनोविकार संघटनेने 1980 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान दिलं. आज आपण त्याला सोशल अँक्झायटी म्हणतो. तो बहुधा शाळकरी वयातच सुरू होतो आणि उपचारांविना वर्षानुवर्षं टिकतो.

उपचार म्हटलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, गोळ्यांची सवय लागते. दुसरा म्हणतो, नुसतं बोलून काय होणार? मला दोन्ही तटांशी बोलायचं आहे.

आधी गोळ्या. ‘मेंदूच्या गोळ्या’ म्हणून आपण वेगवेगळी औषधं एकाच डब्यात टाकतो. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम यांनी तासाभरात बरं वाटतं आणि सवयीचा धोका खरा आहे तो यांचाच. प्रोप्रॅनोलॉल छातीतली धडधड आणि हाताची थरथर कमी करतं. भाषण, गाणं अशा एखाद्या प्रसंगापुरतं ते काही डॉक्टर देतात, पण दम्याच्या रुग्णाला ते चालत नाही. मुख्य औषधं आहेत ती सेरोटोनिनवर काम करणारी: सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, पॅरोक्सेटिन. यांपैकी पॅरोक्सेटिनला या आजारासाठी अमेरिकेत 1999 मध्ये मान्यता मिळाली. यांचा गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मळमळ, झोपेत बदल, कामेच्छा कमी होणं हे त्रास होऊ शकतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर सुरुवातीला बारीक लक्ष ठेवावं लागतं, कारण काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. या गोळ्यांची तलफ लागत नाही. पण मनानेच एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी येते. म्हणून त्या हळूहळू उतरवायच्या असतात.

आता बोलण्याचा उपचार. ब्रिटनमधले डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये या भीतीची जी घडण मांडली, तिच्यात मला माझी आवळलेली मूठ सापडली. माणूस घाबरला की त्याचं सगळं लक्ष स्वतःकडे वळतं. आपल्याला जसं वाटतंय तसंच लोकांना दिसतंय, असं तो धरून चालतो. मग लाज झाकायला तो युक्त्या करतो: मूठ आवळणं, नजर चुकवणं, वाक्य मनात घोकून मग बोलणं. त्या युक्त्यांनीच थरथर वाढते. वर, ‘मूठ आवळली म्हणून निभावलं,’ असं वाटत राहतं आणि भीती खोटी ठरायची संधीच मिळत नाही. उपचारात मला पाण्याने काठोकाठ भरलेला पेला दोनदा न्यायला लावला, एकदा घट्ट धरून, एकदा सैल धरून, आणि मग त्याचं चित्रीकरण दाखवलं. सैल हात जवळजवळ स्थिर होता. त्यानंतर गृहपाठ: एसटी स्टँडवर गर्दीत मोठ्याने गाडीची वेळ विचारायची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी तर एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा महिनाभर सराव करून आपली भीती मोडली होती. त्यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मराठी वाचकांपर्यंत कि. मो. फडके यांनी पोचवली. इथे बोलणं ही तयारी असते, उपचार सरावात असतो.

तराजूत टाकलं तर काय दिसतं? ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकाने 2014 मध्ये 101 चाचण्यांचा, तेरा हजारांवर रुग्णांचा एकत्र आढावा छापला. त्यात विचार आणि वर्तन बदलणारी वैयक्तिक थेरपी सर्वांत सरस ठरली. औषधांमध्ये सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांचा पुरावा भक्कम होता. दोन्ही एकत्र घेतले की दुप्पट गुण येतो, असंही नाही. 2004 च्या एका अमेरिकी चाचणीत गोळी आणि गटातली थेरपी एकत्र देऊन वेगळा फायदा दिसला नाही. नॉर्वेतल्या 2016 च्या एका छोट्या चाचणीत वर्षभरानंतर नुसती थेरपी घेतलेले लोक गोळीवाल्यांपेक्षा पुढे होते. त्याचं एक कारण मला पटतं: हातून काही जमलं की श्रेय गोळीला जातं आणि ‘मला जमलं’ हा धडा कच्चा राहतो.

म्हणून माझा कौल असा: चांगली थेरपी मिळत असेल तर सुरुवात तिथून करावी. पण घराबाहेर पाऊलच पडत नसेल, सोबत नैराश्य असेल किंवा तालुक्यात थेरपिस्टच नसेल, तर आधी गोळी घेण्यात कसलाही कमीपणा नाही. आपल्या बहुतेक तालुक्यांची स्थिती हीच आहे, आणि दर आठवड्याची फी सगळ्यांना परवडत नाही. गोळीने भीतीचा आवाज खाली आला की त्याच दिवसांत स्टँडवर जाऊन गाडीची वेळ विचारावी. गोळी घेऊन घरातच बसलं तर अर्धा उपचार वाया जातो.

घरच्यांना विनंती आहे, ‘घाबरतोस काय!’ म्हणून मुलाला चारचौघांत ढकलू नका आणि त्याच्या वतीने सगळीकडे बोलूही नका. ज्याला हे सोसावं लागतंय त्याने सरकारच्या टेलीमानस सेवेला 14416 वर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ही गोळी कोणत्या प्रकारची, किती महिने घ्यायची, बंद कशी करायची? थेरपिस्टला एकच विचारा: या खोलीबाहेर मला काय काय करायला लावणार? त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल, तर दुसरा थेरपिस्ट शोधा.