साधनाची मालकी

भाषेवर कोणाची मालकी नसते, असे आपण गृहीत धरतो. परंतु भाषा ज्या साधनाने लिहिली जाते, त्याची मालकी कोणाकडे तरी असते, आणि संगणकाच्या बाबतीत ती भाषेपर्यंत येऊन पोहोचते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावरील मराठी अक्षरांचे संकेत फाँटगणिक वेगळे असत. त्यामुळे एका यंत्रावरील लेख दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटे. लेख लेखकाचा, पण तो वाचण्याची किल्ली परक्या हाती, अशी ती स्थिती होती. खुल्या, सर्वमान्य संकेतांनी ती पालटली. हाच न्याय संगणकाच्या कार्यप्रणालीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला, लावावा काय?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले. प्रणाली चालवावी, तिची मूळ संहिता अभ्यासावी, तीत बदल करावा आणि ती इतरांस द्यावी, अशी चार स्वातंत्र्ये या विचाराच्या मुळाशी आहेत. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात गुंतलेले दोन अर्थ मराठीने ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे आधीच वेगळे ठेवले आहेत. येथे प्रश्न दुसऱ्याचा आहे.

यावर आक्षेप असा, की सामान्य माणूस ही संहिता कधीच वाचणार नाही. मग न वापरलेल्या अधिकाराचे मोल काय? त्याचे उत्तर आपल्या ग्रंथपरंपरेत सापडते. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पाठ पडताळून पाहणारे त्या काळी थोडेच असणार. पण शुद्ध पाठाचा लाभ, स्वतः कधीही पोथी न ताडणाऱ्या वाचकाला आणि श्रोत्यालाही झाला. संहिता कुलूपबंद असती, तर हे कार्य संभवलेच नसते. अधिकार एकाने बजावला तरी त्याचे फळ सर्वांना मिळते.

त्याच एकनाथांनी पुढे कोणी ग्रंथात ओवीची भर घालू नये, असेही बजावले. ग्नूच्या सार्वजनिक परवान्याची १९९१ची दुसरी आवृत्ती बदलास अनुमती देते, पण बदलाची व त्याच्या दिनांकाची ठळक नोंद करण्याची अट घालते. एकाने निषेध केला, दुसऱ्याने अट घातली. तथापि बदल मुळाच्या नावावर खपू नये, ही चिंता दोहोंची आहे. स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी, पण धडधाकट चालणारी अनेक यंत्रे त्या दिवशी वृद्ध ठरली. त्यांपैकी अनेकांवर लिनक्स चालू शकते. वस्तू विकत घेणाऱ्याची, तर तिचे आयुष्य ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तांत्रिक नसून नैतिक आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा असूनही अनेक फोन निर्मात्याने बंदिस्त केलेले असतात. तेव्हा मूळ मुक्त असणे पुरेसे नाही, ते वापरणाऱ्याच्या हाती मुक्त राहिले पाहिजे.

प्रत्येकाने मुक्त प्रणालीच वापरावी, असा आग्रह धरता येणार नाही. सवय आणि सोय यांचेही मोल असते. मात्र ग्रंथालये आणि विद्यापीठे पुढील पिढ्यांसाठी मराठी मजकूर जतन करतात. तो उघडण्याची किल्ली कोणाकडे असेल, हे त्यांना टाळता येणार नाही.